गैरहजेरीचं शून्य

"कॉम्प्युटरने काढलंय" हे वाक्य शाळेत उच्चारायला बंदी घालावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलांनी शिवी दिली तर आपण त्यांना वर्गाबाहेर उभं करतो. हे वाक्य शिवीपेक्षा वाईट आहे, आणि ते बोलणारी माणसं मात्र पंख्याखाली खुर्चीत बसलेली असतात.

मी माध्यमिक शाळेत कॉम्प्युटर शिकवते. आठवीपर्यंत सगळ्यांना आठवड्यातून एक तास मिळतो, आणि शाळेत कसलीही धावपळ निघाली की पहिला तोच तास उडतो. नववीपासून हा विषय घ्यायचा तर निवड व्हावी लागते. लॅबमध्ये चालू यंत्रं जेवढी, तेवढ्याच जागा. आठवीच्या वर्षभरातल्या, सगळे विषय धरून होणाऱ्या पाच चाचण्यांची सरासरी काढायची, वरून तेवढी मुलं घ्यायची आणि बाकीच्यांना दुसऱ्या विषयांकडे वळवायचं. नियम मला कधीच पटला नाही, पण आहे. त्या दुपारी निवडीची यादी फलकावर लागली आणि तीत किडाचं नाव नव्हतं.

किडा म्हणजे माझी आठवीतली विद्यार्थिनी. हे नाव तिला वर्गाने ठेवलं आणि तिने ते आनंदाने मिरवलं. प्रोग्राममधल्या चुकीला आम्ही वर्गात किडाच म्हणतो, आणि कोणाच्याही प्रोग्राममधला किडा या पोरीला दोन बाकं पलीकडून दिसायचा. एकदा मी एका मुलाला कॉम्प्युटर केलं. म्हणजे त्याला फळ्यापाशी उभा केला आणि बजावलं, की सांगितलं तेवढंच करायचं, मनाचं काही नाही. मग वर्गाने हुकूम सोडले: डस्टर उचल, फळ्यावर ठेव, डावी-उजवीकडे हलव. पठ्ठ्याने एकाच जागी डस्टर घासायला सुरुवात केली, आणि घासतोय, घासतोयच. हसून हसून मुलांची पोटं दुखली. एकटी किडा हसत नव्हती. ती म्हणाली, "मॅडम, तो वेडा नाहीये. आपण त्याला खाली सरक आणि थांब हे सांगितलंच नाही. चूक आपली आहे."

वर्षभर घसा कोरडा करून मला जे शिकवायचं होतं, ते तिने एका वाक्यात सांगून टाकलं. अशी मुलगी यादीत नाही म्हटल्यावर मला आधी वाटलं, टायपिंगमध्ये नाव गळलं असेल. मी तशीच ऑफिसात गेले.

आमच्या ऑफिसात एकच क्लार्क आहेत. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. माणूस सज्जन, कामाला चोख, आणि आपल्या टेबलावरचा कागदही कोणाला हलवू न देणारा. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "नाव गळलं नाहीये मॅडम. तिची सरासरी कमी आली. कॉम्प्युटरने काढलंय."

"कमी कशी येईल? माझ्या विषयात ती पहिली आहे."

"ते मला काय माहीत? मी मार्क भरतो, बाकीचं तो करतो." त्यांनी बोटाने कॉम्प्युटरकडे दाखवलं. ऑफिसात अजून एखादा तापट अधिकारी बसलेला असावा आणि त्याच्याशी आपण बोलू नये, असा त्यांचा एकूण भाव होता.

मी परत आले तर किडा लॅबच्या दाराशी उभी होती. रडत वगैरे नव्हती. तिच्या तळहातावर पेनाने आकडे लिहिलेले होते. "मॅडम, तुम्ही म्हणता ना, उत्तर पटलं नाही तर आधी हाताने करून बघा. मी करून बघितलं. यादीशेजारी सगळ्यांच्या सरासऱ्या लावल्यात, त्यातली माझी घेतली. बेरीज बरोबर आहे. भागाकार चुकलाय. मी चाचण्या दिल्या चार आणि मला भागलंय पाचाने."

पाचवी चाचणी तिने दिली नव्हती. त्या दिवशी तिच्या आईचं ऑपरेशन होतं, घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं, आणि मुख्याध्यापकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या सरांनी, आदल्या दिवशी स्वतः तिला परवानगी दिली होती. परवानगीने गैरहजर राहिलेल्या मुलाची ती चाचणी सरासरीत धरायची नाही, असा शाळेचाच नियम आहे. मी किडाला घरी पाठवलं आणि पुन्हा ऑफिसात गेले. या वेळी मी खुर्ची ओढून भाऊसाहेबांच्या शेजारीच बसले.

"तिची ओळ दाखवा."

त्यांनी नाइलाजाने मार्कांची शीट उघडली. चार चाचण्यांपुढे छान आकडे होते आणि पाचवीपुढे शून्य.

"हे शून्य कोणी टाकलं?"

"मीच. गैरहजर होती ना."

"मग चौकोन रिकामा सोडायचा! सरासरीचं सूत्र रिकामा चौकोन मोजतच नाही. शून्य मोजतं."

भाऊसाहेब असे दुखावले, जणू मी त्यांच्या घराण्याबद्दल काही बोलले होते. "रिकामा? मॅडम, माझा जन्म गेला या टेबलावर. एक रकाना कधी रिकामा सोडला नाही मी. रिकाम्या रकान्यात उद्या कोणी काहीही भरेल, मग जबाबदार कोण? आधी मी तिथे आडवी रेघ मारायचो. ह्याच्यात रेघ मारली की लाल चौकट येते, फक्त आकडा टाका म्हणतो. मग टाकलं शून्य."

तर असा हा घोळ होता. कागदावर आयुष्य घालवलेल्या माणसाची एक चांगली सवय, जशीच्या तशी उचलून यंत्रात घातलेली. मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी कीवही आली, पण राग जास्त होता.

"भाऊसाहेब, शून्य म्हणजे मुलीने पेपर दिला आणि तिला एकही उत्तर आलं नाही. रिकामं म्हणजे तिने पेपर दिलाच नाही. ह्यात फरक आहे की नाही?"

"पण मार्क किती मिळाले? काहीच नाही ना? काहीच नाही म्हणजे शून्यच की."

"तुमच्या हातात घड्याळ नाहीये. मी विचारलं किती वाजले, तर काय सांगाल? शून्य?"

घड्याळ नसलेल्या मनगटाकडे त्यांनी एकवार पाहिलंसुद्धा. ती संधी साधून मी कीबोर्ड पुढे ओढला आणि ते शून्य पुसलं. किडाची सरासरी तिथल्या तिथे वर चढली, एवढी की ती यादीत अगदी वरच्या ओळींत जाऊन बसली. मग मी आणखी शोधलं. दुसऱ्या तुकडीतला एक मुलगा हात मोडून प्लास्टरमध्ये होता, त्यालाही असंच शून्य. तोही यादीत यायला हवा होता.

"बघितलंत?" मी म्हणाले.

"बघितलं," भाऊसाहेब म्हणाले, आणि त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे घेऊन ते शून्य पुन्हा जागच्या जागी टाईप केलं. "यादीवर मोठ्या सरांची सही झालीय. त्यांनी सांगितल्याशिवाय मी काही बदलणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सही ज्याची, जाब त्याला विचारायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किडाला आणि तिच्या वडिलांना बोलावून घेतलं आणि तिघं मोठ्या सरांच्या केबिनमध्ये गेलो. वडील चपला-बुटांच्या दुकानात नोकरी करतात. दिवसभर लोकांच्या पायाशी बसून 'हा घालून बघा, हा सैल होईल' म्हणायचं, समोरचा चिडला तरी हसायचं. तो हसरा चेहरा ते केबिनमध्येही घेऊन आले होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

मी सगळं समजावून सांगितलं. सूत्र, रिकामा चौकोन, शून्य, शाळेचा नियम. मोठ्या सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"मॅडम, मला एक कळत नाही. तुम्ही स्वतः कॉम्प्युटर शिकवता, आणि तुमचाच कॉम्प्युटरवर विश्वास नाही?"

"माझा कॉम्प्युटरवर पूर्ण विश्वास आहे, सर. त्याला जे दिलं त्याची सरासरी त्याने अचूक काढली. दिलं चुकीचं."

"म्हणजे ऑफिस चुकलं, असं तुम्हाला म्हणायचंय."

"हो."

इतकं सरळ उत्तर त्यांना अपेक्षित नव्हतं. त्यांनी किडाच्या वडिलांकडे मोर्चा वळवला. "हे बघा, यादी लागलेली आहे. पालकांनी वाचलेली आहे. आता ती बदलायची म्हणजे शाळेच्या अब्रूचा प्रश्न. तरीपण मुलगी हुशार आहे, घरी अडचण होती, हे मी समजू शकतो. मी काही दगड नाही. तुम्ही एक विनंती अर्ज द्या. 'माझ्या गैरहजेरीमुळे झालेल्या नुकसानीबद्दल क्षमा असावी आणि विशेष बाब म्हणून मला प्रवेश मिळावा.' मुलीने लिहायचं, तुम्ही खाली सही करायची. मी माझ्या अधिकारात एक जागा करतो."

वडिलांनी लगेच हात जोडले. "उपकार झाले साहेब. बाळा, लिही पटकन."

उपकार! ज्यांनी रजा दिली त्यांनीच ती मुलीच्या अंगावर फेकली, तिची जागा काढून घेतली, आणि आता तीच जागा दान म्हणून परत करताना तिने क्षमा मागायची! आणि बापाने वर आभार मानायचे! शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. मी ते गिळले, कारण समोर मुलीची जागा होती. माझ्या तोंडाची किंमत तिने का मोजावी? विषय मिळत असेल तर मिळू दे, असा विचार माझ्याही मनात येऊन गेला, आणि त्याचा मला तिथल्या तिथे संताप आला.

किडाने सरांचा पेन घेतला. कागद पुढे ओढला. मग विचारलं, "सर, आणि प्लास्टरवाला?"

"कोण?"

"दुसऱ्या तुकडीतला. त्याचंही शून्य आहे. मॅडमनी सांगितलं."

"त्याच्या घरून कोणी आलेलं नाही. जे आले त्यांचं बघू."

"त्याला माहीतच नाही तर तो येणार कसा?"

"बाळा, तू आपलं बघ," वडील घाईघाईने म्हणाले. "सर देतायत ना? गप्प लिही."

किडाने लिहायला घेतलं. तिचं अक्षर मोठं आहे, उलट्या बाजूनेही वाचता येतं. मी वाचत होते. 'मी परवानगी घेऊन गैरहजर होते. माझी न दिलेली चाचणी शून्य मार्कांची धरली गेली आहे. हे शाळेच्या नियमाविरुद्ध आहे. माझी आणि माझ्यासारख्या सगळ्यांची सरासरी पुन्हा काढावी.' क्षमा हा शब्द कुठेही नव्हता.

मोठ्या सरांनी तो कागद वाचला आणि टेबलावरून परत सरकवला. "हा विनंती अर्ज नाही. ही तक्रार आहे."

"हो सर."

"तक्रारीवर मी विशेष बाब म्हणून काही देऊ शकत नाही. तक्रारीची चौकशी होते. तिला वेळ लागतो, आणि तोवर प्रवेश बंद होतात. कळतंय का तुला?"

"कळतंय," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की ती आता रडेल असं मला वाटलं. "पण मी कशाची माफी मागू सर? मी आईजवळ बसले होते. तुम्हीच म्हणालात जा."

वडिलांचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण त्यात आता जीव राहिला नव्हता, ते नुसतं काढून ठेवायचं राहून गेलं होतं. ते पुढे झाले. मला वाटलं, पोरीच्या पाठीत एक धपाटा घालतात आणि दुसरा कागद मागतात. त्यांनी तिच्या हातातून पेन घेतला, तिने लिहिलेलं सावकाश ओठ हलवत वाचलं, आणि खाली पालक म्हणून सही केली.

"हिची आई विचारत होती," ते कोणाकडेही न बघता म्हणाले, "माझ्यामुळे पोरीचं वर्ष गेलं का म्हणून. रोज विचारते. मी तिला काय सांगू, हो म्हणून सांगू?"

मग मी पेन घेतला आणि त्याखाली विषय शिक्षिका म्हणून सही केली. माझी नेमणूक दर वर्षी नव्याने होते आणि तिच्यावर सही मोठ्या सरांचीच असते, हे केबिनमधल्या सगळ्यांना माहीत होतं, वडील सोडून. "मॅडम, तुम्ही काय करताय याचा विचार केलाय का?" मोठ्या सरांनी विचारलं.

"चौकशीत सोपं जावं म्हणून सांगते," मी म्हणाले. "दोन शून्यं पुसायची आहेत. भाऊसाहेबांना एक मिनिट लागेल. आणि ती आज पुसली नाहीत तर उद्या प्लास्टरवाल्याच्या घरी मी स्वतः जाऊन सांगणार आहे. मग त्यांचाही कागद येईल."

आठवडा गेला. त्या आठवड्यात मोठे सर माझ्याशी फक्त नोटिशीच्या भाषेत बोलले, आणि स्टाफरूममध्ये काही जणांनी माझ्या शेजारची खुर्ची टाळली. एक ज्येष्ठ शिक्षिका मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे गं, पण एवढं ताणायचं का?" बरोबर असेल तर ताणायचं नाही, आणि चूक असेल तर ताणायचा प्रश्नच नाही. मग माणसाने ताणायचं तरी कधी? हे मी त्यांना विचारलं. त्यांनी चहाचा कप उचलला आणि निघून गेल्या.

सोमवारी सकाळी फलकावर नवी यादी लागली. किडाचं नाव वरून तिसरं. प्लास्टरवालाही होता. मला वाटलं, आता निदान दोन दिवस मी शांतपणे झोपेन. मग यादीच्या खालची ओळ वाचली: 'संगणकातील तांत्रिक बिघाडामुळे पूर्वीच्या यादीत त्रुटी राहिली होती. तो बिघाड दूर करण्यात आला आहे.'

तांत्रिक बिघाड! बिचाऱ्या यंत्राने दिलेलं काम चोख केलं होतं. त्याला बोलता येत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून त्याच्या माथी मारलं. आणि हे वाचून उद्या माझ्याच वर्गात बसणारी मुलं काय शिकणार? चूक झाली की कॉम्प्युटरकडे बोट दाखवायचं, हेच ना? मी तो कागद फाडायच्या बेतात होते, पण शेजारी कोणीतरी उभं होतं.

एक बाई आणि त्यांची मुलगी. मुलगी आठवीतलीच, मागच्या बाकावर बसून मन लावून लिहिणारी. पहिल्या यादीत ती शेवटून दुसरी होती. जागा तेवढ्याच असल्याने वरून दोघं आत आले, तसे खालून दोघं बाहेर गेले होते. एवढे दिवस मी हिशेब मांडत होते, आणि हा भाग मी मांडलाच नव्हता. मुलीच्या नव्या वहीवर मोठ्या सुबक अक्षरात विषयाचं नाव आधीच लिहिलेलं होतं.

"आम्ही तर घरी सगळ्यांना सांगितलं होतं," बाई मला म्हणाल्या. रागाने नाही, फार मऊ आवाजात. "पण आता कॉम्प्युटरनेच काढलंय म्हटल्यावर काय बोलणार, आणि बोलणार कोणाशी?"

किडा माझ्या मागे येऊन उभी होती. स्वतःचं नाव बघायला धावत आली असणार, तिला अजून दम लागलेला होता. ते नाव तिला दिसलं असेल, पण ती यादीकडे बघत नव्हती. ती त्या मुलीकडे बघत होती.

"काकू, कॉम्प्युटरने नाही काढलं," ती म्हणाली. "माणसांनी काढलंय. आधी मला काढलं होतं, आता हिला. यादी लावून आठवडाभर हिला जागा दिली होती, ती आता अशी काढता येत नाही. दोन जागा वाढवायला सांगू या. एका कॉम्प्युटरवर दोघी बसू, मी हिच्याबरोबर बसेन."

"अगं, पण कोणाशी बोलायचं?" बाई गोंधळून म्हणाल्या. "ते म्हणतात ना, बिघाड होता."

"बिघाडाशी नाही बोलायचं. चला, मी दाखवते." किडाने त्या मुलीचा हात धरला आणि दोघी केबिनच्या दिशेने चालायला लागल्या. बाई क्षणभर थबकल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर खोचून मुलींच्या मागे निघाल्या.

माझा सातवीचा तास सुरू झाला होता. वर्गातून गोंगाट ऐकू येत होता. मी वर्गाच्या मॉनिटरला हाक मारून सगळ्यांना वाचत बसायला सांगितलं आणि तिघींच्या पुढे जाऊन मोठ्या सरांच्या दारावर टकटक केली.